तोमोया कधी उठणार?

९ फेब्रुवारी

चितोसेची बदली. साप्पोरोला, बढतीवर! एक एप्रिलला हजर व्हायचंय. जेवताना सांगितलं तिनं. "तुझं काय, चित्रं कुठेही बसून काढता येतात. येशील ना?"

"बघू," म्हणालो. ती हसली नाही.

आमचं नवं लग्न झालं तेव्हा माझ्या चित्रकथेतल्या पात्रांचे केस शाईनं तीच भरायची. विचारलं, हल्ली वाचतेस का माझी मालिका? म्हणाली, "वेळ कुठे असतो!"

२६ फेब्रुवारी

संपादक कुरिहारांचा फोन. "सेन्सेई, तुमचा नायक मोठा कधी होणार? नायिका नागिसा डॉक्टर व्हायला निघाली, आणि तोमोया अजून गादीवर लोळतोय! तिला शोभायला नको का तो?"

बघू म्हटलं.

वाचकांच्या कार्डांचा गठ्ठाही आलाय. मासिकाला जोडलेलं कार्ड लोक भरून पाठवतात — आवडतं पात्र कोणतं, काय खटकलं. मी ती वाचत नाही. शिव्या खाल्ल्या की दोन दिवस हात चालत नाही. गठ्ठा कपाटावर टाकला.

५ मार्च

तोमोयाला पहाटे धावायला लावलं. तीन पानं. खोटं, खोटं! फाडली.

६ मार्च

परत लोळवला. हे कसं झकास जमतं!

१९ मार्च

मालिका बंद. वाचकांचा धीर संपला म्हणे. कुरिहारा म्हणाले, "शेवटचा एक भाग देतो. निदान त्यात तरी उठवा हो त्याला."

मला उठवता येत असतं तर —

चितोसे खोकी भरतेय. "तुझे कपडे कुठल्या खोक्यात टाकू?" आज तिसऱ्यांदा विचारलं. मला जायचंय! तिच्याशिवाय माझं काय होईल, मला नीट ठाऊक आहे. मग तोंड का उघडत नाही माझं?

३१ मार्च

गेली. मी दारापर्यंत गेलो.

"भात लावलाय," एवढंच म्हणाली.

४ एप्रिल

शेवटचा भाग सुचेना. कपाटावरचा कार्डांचा गठ्ठा काढून सोडला. शिव्याच शिव्या. मग एक कार्ड — अक्षर ओळखीचं. नाव चितोसे, आडनाव तिच्या माहेरचं. तारीख १२ फेब्रुवारी.

आवडतं पात्र: तोमोया.

खाली लिहिलंय, "त्याला उठायला सांगा. मी मार्चअखेरपर्यंत वाट बघेन."