पाव तासाचं पाणी

प्रिय धाकट्या,

पत्र बघून हसशील. दोन शेतांत एकच बांध, आणि ताई टपालाने पत्र पाठवते. पण दोन वर्षं झाली, मी दिसले की तू वाट बदलतोस. मग मी तरी काय करू?

तू जमीन सोडून शहरात गोदामाच्या कामाला निघालास, रविवारी सामान हलवणार, असं शिंपिणीने सांगितलं. सख्ख्या भावाची बातमी शिंपिणीकडून कळावी, हे मला फार लागलं. अर्थात ती वेळ मीच आणली.

आपली विहीर वरच्या पायरीपर्यंत भरायची, आठवतं? पाठीला रिकामा डबा बांधून तुला पोहायला मीच शिकवलं. तू पाण्यात हसत होतास आणि दोरी धरून काठावर मी रडत होते. तेव्हा पाळ्या नव्हत्या, ज्याला हवं त्याने मोटर लावावी. आता पाऊस तीन दिवसांत धो धो पडून मोकळा होतो, जाताना माती घेऊन जातो, आणि पुढे वर्षभर आपण आभाळाकडे बघत बसतो. पलीकडच्या वस्तीत चुलतभावांनी एकमेकांचे पाइप फोडले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, आमच्यात असलं काही व्हायचं नाही. म्हणून तर पाळ्या लावल्या, सहा ते दहा तुझी, दहा ते दोन माझी.

मग रोज दहाला मी विहिरीवर यायची, तर तुझी मोटर चालूच. मी येऊन बंद करायची. एकदा तू मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलंस, तर मी म्हटलं, त्यालाही खोटं बोलायला शिकवलंस वाटतं. आणि त्याच आठवड्यात गिरणीत, दळणाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर, मी तुला पाणीचोर म्हटलं. तू डबा उचलून निघून गेलास. चोर आहे म्हणूनच गप्प आहे, असं मला वाटलं.

परवा आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. तुझ्या दाजींनी नवा सेल घातला, रेडिओवरून वेळ लावली, आणि मग काटा सावकाश पंधरा मिनिटं पुढे सरकवला. मी विचारलं तर म्हणाले, पोरं शाळेला उशीर करायची तेव्हापासून ते पुढेच असतं. पोरांची लग्नं झाली, तरी हे आपले मनातल्या मनात पाव तास वजा करतात. मलाही ते माहीत आहे, असं हे धरून चालले होते. म्हणजे त्याच घड्याळात दहा बघून निघायची ती मी, रोज तुझाच पाव तास तोडत होते. माझी पाळी संपायच्या आतच विहीर तळाला जाते, त्यामुळे तुझं ते पाणी गेलं माझ्या वांग्यांना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तुझी कडेची लिंबं वाळत गेली, तेव्हा मी बांधावरून बघत होते.

आज गिरणीत जाऊन त्याच बायकांना सगळं सांगून आले. शिंपीण हसली, हसू दे. यंदा मी काही लावत नाही, माझी पाळीही तू घे. एवढ्याने विहिरीला पाणी येणार नाही, हे मलाही कळतं. शहरात तुझं बरं होणार असेल तर मी आडवी येणार नाही. फक्त चोर म्हणवून घेऊन जाऊ नकोस रे. निघायच्या आधी एकदा घरी ये आणि माझ्यावर पोटभर ओरड. तुझं हे गप्प राहणं आता मला सोसवत नाही.

तुझीच,
चुकलेली ताई