वार्निशचे चार हात

बाबा, पाकिटावर पत्ता लिहायचा नाही, म्हणून तरी हे लिहायची हिंमत होते आहे. तुम्ही समोर होते तेव्हा तोंड उघडलं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी आयटीआयतून पॉलिशकाम शिकून आलो आणि स्वतःला मोठा कारागीर समजायला लागलो. तुम्ही गावच्या भजनी मंडळासाठी वीणा करत होते. शिवणीचं लाकूड, दोन वर्षं चुलीवरच्या माळ्यावर वाळवलेलं. वरची फळी काचेच्या तुकड्यानं खरवडायची, टिचकी मारून कान द्यायचा, पुन्हा खरवडायची. शेवटी जवसाच्या तेलाचं बोट, बस्स. वर्ध्याला लाकूडकामाचं प्रदर्शन होतं. तिथं ती मांडायची असं मीच ठरवलं, आणि मग ती मला दरिद्री दिसायला लागली. तुम्ही बजावलं होतं, "फळीले हात नको लावजो. दम कोंडते तिचा." तुम्ही आर्वीच्या बाजाराला गेले आणि मी वार्निशचे चार हात दिले. तोंड दिसेल अशी चमकली!

प्रदर्शनात परीक्षक हात फिरवून वा वा करताहेत, मी छाती काढून उभा. वाजवून एकानंही पाहिलं नाही. पहिला नंबर दिला.

मग देवळात विणेकरीबुवांनी तार छेडली. नुसतं ठक्क. "आवाज काऊन बसला जी हिचा?" सगळे तुमच्याकडे बघताहेत. तुम्ही फळीवर नख फिरवलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे. "माहीच चूक हाय बुवा," तुम्ही म्हणाले, "लाकूड ओलं रायलं. दुसरी करून देतो."

जन्मभर वाद्यं केलेला माणूस, आणि ओलं लाकूड! मंडळानं वीणा नागपूरहून आणली. नंतर कोणी तुमच्याकडे वाद्य करायला टाकलंच नाही. घरी एखादी शिवी तरी हासडायची होती, बाबा. तुम्ही फक्त म्हणाले, "जेवून घे." दुसरी वीणा अर्धी कोरलेली अजून माळ्यावर पडून आहे. लाज वाटते, तिकडे बघवत नाही.

पहिली माझ्या दुकानात काचेत आहे, शेजारी प्रमाणपत्र. परवा नातीनं तार ओढून विचारलं, "आबाजी, हे वाजत काऊन नाई?"

मी तिला सांगितलं, तुझ्या पणजोबांचं लाकूड ओलं होतं.