हिरवं ठेवून छाटायचं

प्रिय ताई,

आधी खुशाली सांगते. बेकरी चालू आहे, भट्टीचं दार अजूनही लाथ मारल्याशिवाय लागत नाही आणि मी आता तुझ्यापेक्षा जाड झाले आहे. हस पोटभर.

बाबा अंगाने ठणठणीत आहेत, पण माणसं विसरलेत. मला ते ‘अहो बाई’ म्हणतात. दिवसभर त्यांचं सगळं करणाऱ्या लेकीला! ओळख उरली होती ती फक्त परसातल्या वासाच्या झुडपाची. तू आणि बाबांनी टेकडीवरून आणून लावलेलं ते. त्याची वाळकी पानं चुरून मिठात, बिया कुटून पावाच्या पिठात, आणि काटक्यासुद्धा वाया जाऊ नयेत म्हणून बाबा त्या भट्टीत टाकायचे. मी सकाळी त्यांना कोवळ्या पानांचा चहा द्यायचे. वाफ नाकाशी गेली की त्यांचा चेहरा उजळायचा. म्हणायचे, “ताई आली वाटतं.”

रोज हेच. चहा करायचा मी, आणि आली कोण, तर ताई! आधी मी हसण्यावारी नेलं. मग एकदा म्हटलं, बाबा, मी धाकटी. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “अहो बाई, तिला दारात का उभं केलंत? आत बोलवा ना.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

छाटणीचे दिवस होतेच. हिरवं ठेवून छाटायचं, जून लाकडाला कात्री लागली की हे झुडूप पुन्हा फुटत नाही, हे बाबांनीच आपल्या दोघींना शिकवलेलं. ताई, मला ते पक्कं आठवत होतं. तरी मी ते पार बुंध्यापर्यंत कापलं. कीड लागून गेलं, असं तुला फोनवर सांगितलं ते साफ खोटं होतं.

वाटलं होतं, त्यांच्या डोक्यातून तू गेलीस की त्या जागी मी येईन. नाही आले. आता साधा चहा ठेवला की ते कप नाकाशी नेतात, हुंगतात आणि तसाच खाली ठेवतात. कुणालाच हाक मारत नाहीत. त्यांच्याजवळ होतं नव्हतं तेवढं मी काढून घेतलं. मला माझीच लाज वाटते.

घर सोडताना तू त्याचीच एक फांदी कुंडीत लावून नेली होतीस. जगली असेल तर कुंडी घेऊन लवकर ये. माझ्यावर हवं तेवढं चिड, पण ये. चहा मीच करीन. तू फक्त दारात उभी राहा. ते म्हणतील, ताई आली वाटतं, आणि या वेळी मी हो म्हणेन.

तुझीच,
धाकटी