पुलाच्या मध्यावर जन्मलेल्या नातीला तालुका मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, जालना

अर्जदार: केशरबाई तातेराव शेजूळ, मु. हिवरवाडी, जि. जालना

विषय: माझी नात कोणत्या तालुक्यात जन्मली, हे ठरवून जन्मदाखला देणेबाबत.
संदर्भ: यापूर्वी दोन्ही तालुक्यांत दिलेले माझे सर्व अर्ज. पोच मिळाली, तालुका मिळाला नाही.

महोदय,

१. मी अंगणवाडी मदतनीस म्हणून निवृत्त झाले असून हा अर्ज स्वतः लिहीत आहे. कोणत्याही कार्यालयाला नावे ठेवण्याचा हेतू नसल्याने एका तालुक्याला वरचा व दुसऱ्याला खालचा म्हणते. आमचे घर वरच्यात, दवाखाना खालच्यात. मध्ये नदी आणि नदीच्या मधोमध दोन्ही तालुक्यांची शीव.

२. सन २०२२ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी सून ज्योत्स्ना हिला कळा सुरू झाल्या. मुलगा सोमेश्वर कामानिमित्त जालना शहरात होता. म्हणून गावातील शिवाजी याच्या जीपमधून तिला नेत असता जीप नेमकी पुलाच्या मध्यावर बंद पडली. शिवाजी बॉनेट उघडून राजूरच्या गणपतीचा धावा करू लागला आणि इकडे मागच्या सीटवर माझ्या हातावर नात जन्मली. बाळ-बाळंतीण सुखरूप. शिवेवर जन्मली म्हणून नाव शिवकन्या ठेवले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

३. आमचे ग्रामसेवक म्हणाले, "जीपची पुढची चाकं पलीकडं होती ना? मंग नोंद बी पलीकडंच." पलीकडच्या ग्रामसेवकांनी नियम वाचून दाखवला की, जन्म चालत्या वाहनात झाल्यास ते पुढे पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे नोंद होते. जीप चालती असती तर आम्ही दवाखान्यातच पोचलो असतो व कोणालाही हा त्रास दिला नसता, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर बाळाचे डोके कोणत्या बाजूस होते, अशी विचारणा झाली. डोके वरच्या तालुक्याकडे होते. "मग तुमचंच," असे पलीकडून सांगण्यात आले. आमच्या ग्रामसेवकांकडून उत्तर गेले की, पाय बाहेर आल्याशिवाय जन्म पूर्ण होत नाही आणि पाय खालच्या तालुक्याकडे होते.

४. पुढे संयुक्त स्थळपाहणी ठरली. दोन्हीकडचे कर्मचारी टेप घेऊन पुलावर आले. शिवाजीने जीप होती तशी उभी केली. ज्योत्स्नाने पुन्हा तिथे झोपण्यास साफ नकार दिल्यामुळे तिच्या जागी मला मागच्या सीटवर आडवे व्हावे लागले. मोजणी चालू असताना दोन्ही बाजूंना कापसाचे टेम्पो खोळंबले. त्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "म्हातारीलाच बाळ होऊन राह्यलं का काय?" सर्व कर्मचारी हसले. मीही हसले, पण मला उठता येईना. शेवटी नदीने पात्र बदलल्यामुळे शीव नक्की कुठे आहे हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

५. पोलिओच्या रविवारी मात्र शिवकन्या दोन्ही तालुक्यांची असते. सकाळी इकडचे पथक डोस पाजून एका करंगळीला शाई लावते, दुपारी तिकडचे पथक दुसरी करंगळी मागते. दुसरा डोस मी दारातूनच परत पाठवते.

६. येत्या जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचे आहे. दाखल्यावाचून आधार नाही आणि आधारावाचून हजेरीपटावर नाव नाही. तिच्या बरोबरीची मुले शाळेत जातील व ती दारात उभी राहील, या विचाराने सोमेश्वरला घोर लागला. "घरी जन्मली म्हणून लिहा, मिटवून टाका," असा सल्ला एकाने दिला, तेव्हा तो लिहून द्यायला तयार झाला होता. ज्योत्स्नाने त्याच्या हातातला पेन काढून घेतला. म्हणाली, "कळा म्या पुलावर सोसल्या. पोरगी घरात झाली असं मी न्हाई सांगणार." त्यानंतर आमच्या घरात हा सल्ला कोणी काढलेला नाही.

७. तरी विनंती की, तालुका ठरत नसल्यास तो रकाना कोरा ठेवावा व जन्मस्थळ 'नदीवरील पूल, जिल्हा जालना' एवढेच लिहावे. जिल्हा पुलाच्या दोन्ही टोकांना एकच आहे, याची मी खात्री करून घेतली आहे.

८. घाईचे कारण असे की, ज्योत्स्नाला पुन्हा दिवस गेले असून सातवा महिना चालू आहे. दवाखाना तिकडेच, पूल तोच आणि जीपही शिवाजीचीच. या वेळी जीप बंद पडलीच, तर ती कोणत्या तालुक्यात ढकलावी, याचे लेखी आदेश आगाऊ व्हावेत. धक्का मारण्यास दोन्ही गावची माणसे तयार आहेत.

आपल्याच जिल्ह्यातली, उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
केशरबाई तातेराव शेजूळ
हिवरवाडी, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत:
१) ज्योत्स्ना सोमेश्वर शेजूळ हिचा जबाब.
२) जीप चालती नव्हती, याबाबत शिवाजीचा जबाब.
३) नात शिवकन्या, समक्ष. पाहून परत करावी.