पिठाच्या डब्यातलं पुस्तक

विटा, १४ मे

प्रिय नीलू,

तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत मी चार ओळी वाचत होते आणि तू उंबऱ्यात बसून दात घासत होतीस. तेव्हा सात वर्षांची असशील. अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं. बोळात फटफटी वाजली तशी तू तोंडातला फेस न थुंकताच आत पळालीस, ‘आई, अण्णा आलं!’ मी पुस्तक पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात खुपसलं, हात पदराला पुसला. तू झाकण लावलंस आणि आपण दोघी हसलो.

मला ती आपली गंमत वाटायची. तुझे अण्णा तेव्हा वर्षातून दीड महिना घरी असायचे, बाकीचे दिवस सेलमला सोनं गाळायच्या दुकानात. मी चौथीत शाळा सोडलेली, तुझ्याच पुस्तकांवरून पुन्हा वाचायला लागले. एकदा त्यांनी माझं पुस्तक चुलीत घातलं. ‘वाचून काय कलेक्टर व्हायचं हाय?’ एवढंच म्हणाले. हात कधी उगारला नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगत राहिले की माणूस चांगला आहे. शेवटची सहा वर्षं ते घरीच होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी अजून दोन कप चहा होतो. मी रडले ते खरंच रडले, नीलू. आणि पुस्तकं मात्र ट्रंकेतच राहिली. बाहेर काढावीत असं कधी मनातच आलं नाही.

मनूची काळजी करू नकोस. सुट्टीत आजीकडे पोट भरून जेवते, शेजारच्या शेळीच्या मागे हिंडते. पण मंगळवारी ती स्वयंपाकघरात चित्र रंगवत बसली होती आणि दारात मोटारसायकल थांबली. नाथाजी सुतार आमचा पाट दुरुस्त करून घेऊन आला होता. मनूनं वही गुंडाळली, पिठाच्या डब्यात खुपसली, झाकण लावलं, हात फ्रॉकला पुसला आणि माझ्यापुढचं ताट ओढून डाळ निवडू लागली. नाथाजी म्हणाला, ‘पोरगी लय कामाची हाय, मावशी.’

तिला त्या डब्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं. तो गेल्यावर विचारलं, तर म्हणाली, ‘आजी, पप्पा आले की ठेवायचं असतं. मम्मीची पुस्तकं तांदळात असतात.’ हे सांगताना ती हसत होती. तू हसायचीस तशीच.

फोनवर तू म्हणतेस, सगळं छान आहे. फोन स्पीकरवर असतो, मागे जावईबापूंचा खोकला ऐकू येतो. मीही माझ्या आईला असंच छान छान कळवायचे, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. ते हात उगारत नाहीत, असं तू सांगशील. तेही माझ्याकडूनच शिकलीस. लपवायचं कसं ते मी तुला दाखवलं. समोर उभं राहून बोलायचं कसं, ते मलाच येत नव्हतं. तू म्हणशील तेव्हा मी तुझ्याकडे कराडला येईन, नाहीतर तू इकडे ये. किती दिवसांसाठी, ते मी विचारणार नाही.

बुधवारी सकाळी मी नाथाजीला पुन्हा बोलावलं. ओसरीच्या भिंतीला दोन फळ्या ठोकून घेतल्या, रस्त्यावरून दिसतील अशा. ट्रंकेतली पुस्तकं वरच्या फळीवर लावली. खालची तुझ्यासाठी मोकळी ठेवली.

तुझीच,
आई