आईनं पोरगी पायावर घेतली

सरिताताई,

हिंगणघाटले सारे मजेत असान. हे पत्र मी टाकणार नाई. तुमच्या आईनं माह्याकडून शपथ घेतली हाय का सरिताच्या जिवाले घोर लावू नको.

ताई, आईले बरोबर दिसतच नोहतं. आई म्हणे, "म्हातारपण हाय, असंच राह्यते." मीही तसंच मानलं. पण आई माह्या पोरीले पायावर घेऊन आंघोय घाले, अन् एक दिवस कोमट पाणी समजून तिनं उकयत्या पाण्याचा गंज उचलला. मी धावली म्हणून पोरगी वाचली. मंग कामावर माहा जीव लागे ना.

बोरगाव मेघेत ज्याइच्या घरचा सैपाक माह्याकडं हाय, त्या गोपिकाकाकू आईच्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "अगं, हे म्हातारपण नाही, मोतीबिंदू आहे. माझा तर केव्हाच काढला."

सरकारी दवाखान्यात आईच्या एका डोयाचं फुकट ऑपरेशन झालं. पट्टी निंघाली तं मले पाहून म्हणे, "अवं, किती सुकली तू! दिसत नोहतं तेच बरं होतं." आमी दोघी हासलो. मंग मी सांगतलं का काकूनं तं मोतीबिंदू केव्हाच काढला. आई म्हणे,

"मंग मीच काऊन एवढी अंधारात बसली वं?"

मी तिच्या डोयात दवाईचे थेंब टाकले, ताई.

दुसरा डोया राह्यला हाय, त्याचं भेव हाय. पण आज आईनं पोरीले पायावर घेतलं. पोरगी खिदयून राह्यली होती. आई म्हणे, "जा, तुले उशीर होऊन राह्यला."

मी चप्पल घातली अन् गेली. मांगं पाह्यलं नाई.

तुमची भावजय,
प्रणाली