दोऱ्याखाली अडकलेला चारशेचा रोल

मसाट, सिल्वासा
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थरूप प्रभाकरमामांस,
तुषारचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का, ते कळवावे. तुमच्या स्टुडिओसमोरचा खणलेला रस्ता बुजवला असेल, अशी आशा आहे. माझी तब्येत ठीक आहे, फक्त झोप आणि भूक लागत नाही. तुमचा कॅमेरा सुखरूप आहे. (हे वाक्य खरे आहे. पुढचे वाचताना ते कृपया लक्षात ठेवावे.)

स्नेहलसाठी माझे नाव सुचवताना तुम्ही तिच्या वडिलांना ‘पोरगा फोटोही काढतो’ असे सांगितलेत, तिथून हे सुरू झाले. सुकदेवराव आमच्या कारखान्यात हेड फिटर आहेत. माणसाची पारख ते त्याच्या हत्यारावरून करतात. म्हणाले, रविवारी आम्ही घरचे दुधनीला बोटीत बसायला जाणार आहोत, तू फोटो काढ, फोटो बघून काय ते कळवतो. मामा, म्हणजे माझे लग्न तुम्ही दिलेल्या फिल्मच्या दोन रोलांवर येऊन ठेपले. शंभरचा उन्हासाठी आणि चारशेचा कमी उजेडासाठी, हे तुम्ही सांगितले होतेत, तरी मी पाकिटावरचे इंग्रजी अक्षर लावून दोनदा वाचले. माझ्या खोलीत राहणारा नीलेश म्हणाला, “भो, खिशात मोबाईल असताना हे लोढणं कशाला गळ्यात?” मोबाईलवर फोटो काढणाऱ्याला सुकदेवराव मुलगी देणार नाहीत, हे त्याला कळत नाही. (त्याचेही लग्न जमलेले नाही.)

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून पूजेचे फोटो काढावेत या विचाराने मी चारशेचा रोल भरला. विचार बरोबर होता. पण सुकदेवरावांनी माझ्या हातात कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, “हे तुझं हत्यार ना? मग ठेव इथं.” पान्यांच्या शेजारी ठेवावा लागला. कुंकवाचे बोट काचेकडे येताना दिसले तेव्हा मी मध्ये हात घातला, त्यामुळे कुंकू मला लागले. दोरा मात्र मला अडवता आला नाही. त्यांनी लाल दोरा कॅमेऱ्याभोवती चार वेढे घालून आवळला, पाठीमागच्या झाकणावरून आणि वरच्या, फिल्म गुंडाळायच्या चकतीवरूनही, आणि फिटरची गाठ मारली. आमच्याकडे पूजेचा दोरा कापत नाहीत, तो झिजून आपोआप पडावा लागतो. आमच्या एका मशीनवर गेल्या दसऱ्याचा अजून आहे.

रविवारी दुधनीला असे ऊन पडले की धरणाच्या पाण्याकडे बघवेना. शंभरचा रोल माझ्या खिशात आणि चारशेचा आत, दोऱ्याखाली. बदलायचा तर मुलीच्या बापासमोर त्यांनीच बांधलेला दोरा कापायचा. मी भिंगाचे तोंड बारीक केले, शटर सर्वांत जलद ठेवले आणि देवाचे नाव घेतले. फिल्म पुढे सरकवायचा दांडा पहिल्यांदा ओढला तेव्हा तो जड लागला, मग आत ‘कट्ट’ झाले आणि एकदम हलका झाला. मला बरे वाटले. (मामा, तेव्हा मला बरे वाटायला नको होते.) सुकदेवराव ताठ बसून म्हणत होते, “घाई नको करू, आरामसे काढ.” स्नेहलला मी रोलचे रिकामे खोके धरायला दिले होते, दुसरे काय बोलावे ते सुचेना म्हणून. छत्तीस फोटो झाल्यावर दांडा अडकायला हवा. तो अडकला नाही. सदतिसाव्यालाही फिरला, एक्केचाळिसाव्यालाही फिरला. चकती फिरली तरच फिल्म सरकते, हे तुम्ही बजावले होतेत, आणि चकती दोऱ्याखाली होती. फिल्म पहिल्याच ओढीला आत फाटली असणार. उन्हाला चारशे चालेल की नाही, याची मी दिवसभर काळजी केली, आणि फोटो एकही नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. सुकदेवराव रोज विचारतात, धुऊन आले का.

मामींना नमस्कार.
आपला भाचा,
तुषार

ता. क. मूळ मुद्दा राहिला. तुम्ही दिवाळीआधी इथे यावे, वडीलधारे म्हणून तो दोरा स्वतःच्या हाताने कापावा, आणि दोष कॅमेऱ्याचा होता असे सुकदेवरावांना सांगावे. तुमच्या कॅमेऱ्याची बदनामी होईल, पण त्याला काही लग्न जमवायचे नाही.

दुसरा ता. क. येऊ नये. आत्ताच नीलेश स्नेहलकडून एक दाभण घेऊन आला. सोबत ते रिकामे खोके, त्यावरच्या ३६ या आकड्याभोवती पेनाने गोल. निरोप असा, की दांडा फिरत राहिला तेव्हाच तिला कळले होते. बाबांची गाठ दाभणाने सुटते, पुन्हा तशीच बांधायला ती येईल. बाबांना तिने सांगून टाकले आहे की फोटो काढताना दर वेळी तिचे डोळे मिटले, त्यामुळे येत्या रविवारी पुन्हा दुधनी. आणि या वेळी शंभरचा भर म्हणावे.

तिसरा ता. क. शंभरचा अजून एक रोल पाठवावा. एका रोलात भागेल असे वाटत नाही.